स्पीकरची १८ हजारांची वायर: घ्यावी की खोलीकडे बघावं?

मध्यलय
मंडळी, सल्ला हवा आहे.

खोली १० बाय १६ फूट, उंची साडेनऊ. खाली टाइल्स, भिंती उघड्या, एका बाजूला सरकती काच. सहा इंची वूफरचे बुकशेल्फ स्पीकर १० फुटी भिंतीपाशी स्टँडवर, सोफा समोरच्या भिंतीला टेकून. अ‍ॅम्प साधा सॉलिड स्टेट, ५० वॉटचा. ऐकणं बहुतेक ख्याल, ठुमरी, थोडं नाट्यसंगीत.

तक्रार अशी: डग्गा घुमतो, तानपुऱ्याचा चिखल होतो. पुरुष गायक खर्जात गेला की एखादा सूर अंगावर येतो आणि शेजारचा गायब. दुकानदार म्हणतो वायर बदला. पाच-पाच मीटरच्या जोडीला १८ हजार. सध्या पाऊण चौरस मिमीची साधी दोनपदरी वायर आहे. १८ हजार वायरीत घालावेत, वेगळा डॅक (डिजिटलचं अ‍ॅनालॉग करणारा डबा) घ्यावा, की आणखी कुठे?

डग्गा
पहिला नंबर माझा. पॉपकॉर्न कुठे मिळतील?

ओहम शांती
आधी वायरीचा हिशोब करू, म्हणजे तो विषय संपेल. (संपणार नाही, पण तरी.)

पाऊण चौ. मिमी तांब्याच्या लवचिक वायरीचा रोध किलोमीटरला साधारण २६ ओहम. पाच मीटर जायचे, पाच यायचे, म्हणजे १० मीटर: ०.२६ ओहम. स्पीकरवर ८ ओहम लिहिलेलं असलं तरी तो कुठे ४ वर उतरतो, कुठे २० वर चढतो. ४ ओहमच्या जागी वायर सुमारे ०.५५ डेसिबल खाते, २० च्या जागी ०.११. फरक ०.४४ डेसिबल. हा कदाचित कळेल, एवढं मी मान्य करतो.

आता अडीच चौ. मिमी घ्या. किलोमीटरला ८ ओहम, म्हणजे तुमच्या अंतराला ०.०८. तोच फरक ०.१४ डेसिबलवर येतो. दोन्ही बाजूंचं काम हजार-दीड हजारात होतं. उरलेल्या साडेसोळा हजारांत वायर आणखी काय करणार, ते दुकानदाराला विचारा.

घेताना एकच खबरदारी: तार चाकूने खरवडून बघा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा रोध शुद्ध तांब्याच्या दीडपट धरा, शिवाय ते टर्मिनलमध्ये दबून सैल पडतं. शक्यतो आयएस ६९४ छापलेली वायर घ्या.

लोलक
नेहमीचंच. मल्टिमीटरने संगीत मोजायचं. वायर म्हणजे फक्त रोध नव्हे. इंडक्टन्स आहे, कपॅसिटन्स आहे, स्किन इफेक्ट आहे. तानपुऱ्याची जवारी म्हणजे वरच्या स्वरांशांची रांगच. तिथेच वायरीचा फरक पडतो. ज्यांना ऐकू येत नाही त्यांनी खुशाल पंख्याची वायर वापरावी.

ओहम शांती
लोलकशेठ, तेही मोजू. दोन पदर जवळजवळ असलेल्या वायरीचा इंडक्टन्स मीटरला पाऊण मायक्रोहेन्रीच्या आत. पाच मीटरला पावणेचार. २० किलोहर्ट्झला त्याची अडवणूक ०.४७ ओहम, पण ती रोधात सरळ मिळवायची नसते, काटकोनात मिळवायची असते. ४ ओहमच्या स्पीकरला घट येते ०.०६ डेसिबल. तीही २० किलोहर्ट्झला, जिथे या धाग्यावरच्या बहुतेकांना काही ऐकूच येत नसणार.

स्किन इफेक्ट, म्हणजे वरच्या फ्रिक्वेन्सीला प्रवाह तारेच्या कडेकडे सरकणं: २० किलोहर्ट्झला तांब्यात तो पृष्ठभागापासून साधारण ०.४६ मिमी आत शिरतो. अडीच चौ. मिमीच्या तारेची त्रिज्याच ०.९ मिमी. म्हणजे प्रवाह किंचित बाहेर सरकतो, बस्स.

कपॅसिटन्सचं मात्र खरं आहे, उलट्या बाजूने. काही महागड्या विणलेल्या वायरींचा कपॅसिटन्स इतका जास्त असतो की काही अ‍ॅम्प अस्थिर होऊन तापतात. म्हणजे महाग वायरीने फरक पडतो खरा, अ‍ॅम्प जळण्याचा.

चष्मेवाली
=))) दंडवत घ्या.

लोलक
टिंगल करणं सोपं असतं. दोन वायरी लागोपाठ लावून ऐका आणि मग बोला.

पट्टीचा
लोलक, ऐकायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण लागोपाठ लावून नव्हे. त्यात तीन घोळ होतात: कुठली वायर लागली आहे ते माहीत असतं, वायर बदलेपर्यंत आधीचं विसरायला होतं, आणि दोन्हींची पातळी एक नसते. पाव डेसिबलने मोठं असलेलं "मोठं" वाटत नाही, "खुललेलं" वाटतं. विक्रेत्यांना हे चांगलं ठाऊक असतं.

बरोबर करायचं तर असं:

अ‍ॅम्पला १०० हर्ट्झचा शुद्ध सूर द्या आणि स्पीकरच्या टर्मिनलवर मल्टिमीटरने एसी व्होल्टेज बघा. साधे मीटर ४० ते ४०० हर्ट्झपुरतेच विश्वासू, म्हणून १००. १ किलोहर्ट्झला ते थापा मारतात. आकडा २.८३ व्होल्टवर आणा, ८ ओहमला तो १ वॉट होतो. दुसरी वायर लावून पुन्हा तोच आकडा आणा, एक टक्क्याच्या आत. एक टक्का म्हणजे ०.१ डेसिबलहून कमीच.

मग दुसऱ्या कुणीतरी नाणं उडवून वायर जोडायची आणि खोलीबाहेर जायचं. ऐकणाऱ्याने कागदावर लिहायचं. अशा १६ खेपा. नुसत्या नशिबाने १२ किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता सुमारे ४ टक्के, म्हणून १२ आले तर काहीतरी आहे म्हणायचं. ९-१० आले तर चहा प्यायचा. फाइलींची तुलना करायची असेल तर फूबार या संगणकावरच्या प्लेअरमध्ये एबीएक्सचा (आंधळ्या तुलनेचा) जोड फुकट मिळतो, तिथे दुसरा माणूसही लागत नाही.

डग्गा
१६ खेपा वायर बदलायला घरचं कोण तयार होणार? त्या माणसाची परीक्षा आधी.

लोलक
परीक्षेच्या ताणाखाली कान नीट चालत नाहीत. आणि हाय-रेझ (सीडीहून बारीक डिजिटल) ऐकू येतं हे अभ्यासातून सिद्ध झालं आहे, तेवढं मात्र तुम्ही कुणी सांगणार नाही.

पट्टीचा
सांगतो ना. २००७ मध्ये मेयर आणि मोरान यांनी ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या जर्नलमध्ये छापलं: एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओ या हाय-रेझ तबकड्यांचा आवाज एकदा सरळ ऐकवला, एकदा १६ बिट ४४.१ किलोहर्ट्झच्या, म्हणजे सीडीच्या, गाळणीतून. ५५४ खेपांत बरोबर उत्तरं ४९.८ टक्के. नाणेफेकच.

२०१६ मध्ये त्याच जर्नलमध्ये जोशुआ रीस यांनी १८ प्रयोग एकत्र करून १२ हजारांहून जास्त खेपा मोजल्या: ५२.३ टक्के. संख्याशास्त्राच्या हिशोबाने हा फरक खरा आहे, म्हणजे तुमचं पारडं शून्यावर नाही. पण शंभरात दोन-अडीच खेपा जास्त. तेवढ्यासाठी कुणी खोली घुमत ठेवून डॅक बदलत असेल तर त्याला काय म्हणायचं?

शिवाय ताणाचं म्हणाल तर घरी, आठ दिवस, रोज दोन खेपा घ्या. कुणी घड्याळ लावलेलं नाही.

सुई आणि खाच
डिजिटलची एवढी चर्चा, एलपीचं कुणी नावच काढत नाही. ख्याल ऐकायचा तर एलपी. सीडीवर तोच राग कोरडा वाटतो.

ओहम शांती
एलपीचा गोंगाटाचा मजला वर असतो, ६०-७० डेसिबलचा वाव मिळाला तरी खूप. सीडीला ९६. "कोरडं" हे माध्यमामुळे कसं?

सुई आणि खाच
माध्यमामुळे नसेलही, मास्टरिंगमुळे आहे. जुन्या टेपवरून सीडी काढताना नॉइज रिडक्शन भरमसाट लावलं की यंत्राला हिस्स आणि जवारी यांतला फरक कळत नाही, दोन्ही पुसली जातात. तानपुरा गेला की गायक पोकळीत गातोय असं वाटतं. एलपीवर हिस्स आहे, पण तानपुराही आहे. मी आकड्यांना नाही म्हणत नाही, पण आकडे माध्यमाचे देता आणि घरात येतो तो विशिष्ट पुनर्मुद्रणाचा आवाज.

ओहम शांती
हे मात्र शंभर टक्के मान्य. एकच टेप, दोन मास्टरिंग, यांतला फरक कुठल्याही वायरीच्या कैक पट. पण मग "अ‍ॅनालॉगची ऊब" वगैरे म्हणू नका. मोबाइल फिडेलिटी या अमेरिकी कंपनीच्या महागड्या एलपींचं काय झालं आठवतंय ना? मूळ टेपवरून थेट, पूर्ण अ‍ॅनालॉग, अशी ख्याती. २०२२ च्या जुलैत उघड झालं की मधे डीएसडी या हाय-रेझ पद्धतीची डिजिटल पायरी होती, तीही कित्येक वर्षं. तोवर त्याच तबकड्यांची उदाहरणं देऊन लोक डिजिटलला नावं ठेवत होते.

लोलक
ते डीएसडी होतं, सीडी नव्हे. म्हणजे चांगलं डिजिटल चालतं, हेच मी म्हणतोय.

चष्मेवाली
लोलकदादा, गोलपोस्ट उचलून कोथरूडहून थेट हडपसरला नेलंत.

खापरपणजोबांची तबकडी
अवांतर: नाट्यसंगीताचा उल्लेख आला म्हणून. ७८ च्या तबकड्या वाजवणाऱ्यांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एलपीची सुई चालत नाही. तिचं टोक ०.७ मिलच्या (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) आसपास, ७८ च्या खाचेला सुमारे ३ मिल लागतं. बारीक सुई खाचेच्या तळाशी कचऱ्यात घासत जाते. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम ९५ मालिकेत ७८ साठी ३ मिलची सुई निघते, पण तिचं वजन ५ ग्रॅमवर लावायचं, एलपीच्या २ ग्रॅमवर नाही.

दुसरं, लाखेच्या तबकडीला अल्कोहोल अजिबात लावू नका. लाख त्यात विरघळते. डिस्टिल्ड वॉटर, एखादा थेंब सौम्य साबण, मऊ ब्रश, लगेच कोरडं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचं मिश्रण फक्त व्हायनिलच्या एलपीसाठी.

आणि जुन्या तबकड्या नेमक्या ७८ वर ध्वनिमुद्रित झालेल्याच असतील असं नाही. ७४ ची तबकडी ७८ वर फिरवली तर गायक जवळजवळ एक पट्टी वर चढतो: काळी एकचा पांढरी दोन होतो. मग "त्या काळी आवाज फार उंच असायचे" असे लेख पडतात.

सातासमुद्रापल्याड
याच्याशीच जुळणारं. अमेरिकेहून येताना सामान आणणाऱ्यांसाठी: १२० व्होल्टचा टर्नटेबल स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतो असं समजू नका. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, फ्रिक्वेन्सी नाही. जुन्या एसी सिंक्रोनस मोटरचा वेग फ्रिक्वेन्सीवर ठरतो. ६० हर्ट्झसाठी घडवलेली पुली ५० वर फिरली की ३३⅓ चे २७.८ होतात, पट्टी सुमारे तीन अर्धस्वरांनी खाली. ५० हर्ट्झची पुली मिळवा. डीसी मोटर असेल तर ही अडचण नाही.

व्हॉल्व्हवाला
कुणी व्हॉल्व्ह अ‍ॅम्पबद्दल बोललं नाही? ३०० बी व्हॉल्व्हचा सिंगल एंडेड अ‍ॅम्प, आठ वॉट, आणि ख्याल. बाकी सगळं खोटं.

ओहम शांती
व्हॉल्व्हने आवाज खरंच बदलतो, आणि तो मोजतासुद्धा येतो. अशा अ‍ॅम्पचा आउटपुट इम्पीडन्स (स्वतःचा आतला रोध) दोन-अडीच ओहम असू शकतो. वर वायरीचा जो हिशोब केला तोच इथे करा: अडीच ओहमला ४ च्या जागी सव्वाचार डेसिबल घट, २० च्या जागी एकच. स्पीकरच्या इम्पीडन्सचा आलेख थेट आवाजात उमटतो, तीन डेसिबलहून जास्त. कुणाला हा रंग आवडत असेल तर जरूर घ्या. फक्त तो रंग आहे एवढं ध्यानात असू द्या. आणि ८५ डेसिबल संवेदनशीलतेच्या बुकशेल्फला आठ वॉट देऊ नका. तबल्याची एक जोरकस थाप आली की क्लिप, म्हणजे आवाज फाटलाच.

व्हॉल्व्हवाला
रंगच आवडतो. कबूल.

डग्गा
वा, एक जण तरी कबूल झाला. धाग्याची इतिश्री समजावी काय?

खर्ज
इतिश्री कसली, मूळ प्रश्न राहिलाच. लोक वायरीवर भांडताहेत आणि मध्यलय यांनी पहिल्याच परिच्छेदात रोगाचं निदान लिहून दिलंय: "सोफा समोरच्या भिंतीला टेकून".

खोलीचा हिशोब बघा. आपल्याकडच्या ३० अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४९ मीटर. दोन समोरासमोरच्या भिंतींत घुमणारी सर्वांत खालची फ्रिक्वेन्सी म्हणजे वेग भागिले दुप्पट अंतर. १६ फूट म्हणजे ४.८८ मीटर: ३६ हर्ट्झ, आणि तिची दुप्पट ७२. १० फूट: ५७. उंची साडेनऊ फूट: ६०. म्हणजे रुंदी आणि उंची दोघींचं घुमणं ५७-६० ला एकावर एक चढलंय, आणि पलीकडे ७२ आहे. काळी एकच्या तानपुऱ्याचा खर्ज ६९ हर्ट्झ. डग्ग्याची घुमारही याच वस्तीत. भिंतीला टेकून बसलं की लांबीचे ३६ आणि ७२ दोन्ही पूर्ण जोरात कानावर येतात, कारण भिंतीपाशी दाब सर्वांत जास्त. एक सूर अंगावर आणि शेजारचा गायब, तो यामुळे. यात वायर काय करणार?

पैसे न घालता करायच्या गोष्टी, याच क्रमाने:

सोफा भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढा. खोलीच्या बरोबर मध्यावर मात्र नको, तिथे ३६ हर्ट्झ नाहीसा होतो. लांबीच्या साधारण ३८ टक्क्यांवर, मागच्या भिंतीकडून मोजून, सुरुवात करा. ते सहा फूट होतात. जागा नसेल तर तीन फुटांनीही फरक पडतो.

स्पीकरचा पुढचा भाग मागच्या भिंतीपासून ६० सेंमीवर असेल तर १४५ हर्ट्झच्या आसपास खड्डा पडतो (वेग भागिले चौपट अंतर). दोन्ही बाजूंच्या भिंतींपासूनचं अंतर आणि मागचं अंतर एकसारखं ठेवू नका, नाहीतर खड्डे एकाच जागी पडतात.

मग टाळी वाजवा. टर्रर्र असा धातूसारखा आवाज आला तर उघड्या भिंतींमधला प्रतिध्वनी. तुमच्या तानपुऱ्याच्या चिखलाचं हे दुसरं कारण. सोफ्यावर बसून दुसऱ्याला बाजूच्या भिंतीवर आरसा सरकवायला सांगा. जिथे स्पीकर दिसतो तिथे शोषक हवा.

चष्मेवाली
शोषक म्हणजे ते अंड्यांचे ट्रे?

खर्ज
अंड्यांचे ट्रे नकोत, आणि त्यांच्यासारखा दिसणारा फोमही नको. पातळ फोम फक्त वरचं वरचं खातो; खोली बधिर वाटते आणि घुमणं तसंच राहतं.

रॉकवूलचा ५० मिमी जाड, घनमीटरला ४८ किलो घनतेचा स्लॅब घ्या, ४ बाय २ फुटांचा. त्याला ४ इंच खोल लाकडी चौकट करा म्हणजे मागे ५० मिमी पोकळी राहील; पोकळीने खालच्या सुरांवरचा परिणाम वाढतो, आणि पावसाळ्यात भिंतीची ओल स्लॅबला लागत नाही. पुढून असं कापड लावा ज्यातून फुंकर आरपार जाईल: खादी, मलमल, गोणपाट. रेक्झिन नको. काम करताना हातमोजे आणि मास्क, नाहीतर दोन दिवस खाज. असे चार फलक दोन बाजूच्या भिंतींना आणि दोन सोफ्यामागे. ६० हर्ट्झवर हे काही करणार नाहीत हेही सांगून ठेवतो. त्यासाठी कोपऱ्यात फूटभर जाडी लागते.

सुतार बोलावण्याआधी चाचणी फुकट आहे. कापसाच्या गाद्या उभ्या करून कोपऱ्यांत आणि आरशाच्या जागी लावा आणि तासभर ऐका. जुन्या कापसाची चार इंची गादी उत्तम शोषक असते.

ओलावा
कोकणातल्यांसाठी पुस्ती: ओल धरणारी भिंत असेल तर फलक टांगू नका, पायांवर उभे करा. आणि जुने स्पीकर असतील तर वूफरच्या कडेचा फोम बोटाने दाबून बघा. दमट हवेत तो दहा-पंधरा वर्षांत भुसभुशीत होतो, बोटाला चिकटतो. "बेस फाटतो" म्हणून लोक अ‍ॅम्प बदलतात आणि दोष तिथे असतो. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, दोन्हीकडे कड बदलून मिळते. रबराची घाला, फोमची पुन्हा नको.

पट्टीचा
खर्ज यांच्यापुढे एकच जोडतो. मापनाचा माइक घ्या, यूमिक-१ सारखा यूएसबीचा, आणि आरईडब्ल्यू हे मापनाचं सॉफ्टवेअर फुकट उतरवा. माइक कानाच्या उंचीवर, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढत जाणारा सूर (स्वीप) वाजवा. शिखरं आणि खड्डे दिसतील. इक्वलायझरने फक्त शिखरं कापा, तीही २५० हर्ट्झच्या खाली. खड्डा भरू नका: सहा डेसिबल भरायला चौपट वॉट लागतात आणि खड्डा खड्डाच राहतो, कारण परतून येणारा आवाजही तेवढाच वाढतो.

लोलक
खोलीबद्दल कुणी नाही म्हटलेलं नाही. खोली नीट झाली की मगच वायरी ऐकू येतात.

ओहम शांती
ही तह करण्याची सुरुवात समजतो.

मध्यलय
सर्वांचे आभार. दोन शंका. सोफा तीन फूटच पुढे येऊ शकतो, मागे दार आहे. आणि गादीचा प्रयोग आज करतो, पण डग्गा घुमतोय तो नेमका खोलीमुळेच, की एखाद्या स्पीकरची वायर उलटी लागली असेल? तेही कसं तपासायचं?

खर्ज
तीन फूट चालेल, माप घेऊन बघा. उलटी वायर असेल तर उलट लक्षण दिसतं: खालचा आवाज गायब होतो आणि गायक मधोमध न राहता खोलीभर पसरतो. तपासायचं तर वायर अ‍ॅम्पकडून सोडवा आणि लाल पदराला दीड व्होल्टच्या सेलचं धन टोक, दुसऱ्याला ऋण, क्षणभर टेकवा. वूफरचा शंकूसारखा पडदा बाहेर आला तर बरोबर. दोन्ही स्पीकरना करा. अ‍ॅम्पला जोडलेलं असताना हे करू नका.

डग्गा
उभ्या गाद्या बघून पाहुण्यांनी "कधी निघालात शिफ्ट करायला?" विचारलं तर काय सांगायचं, तेवढं कुणी लिहाल का?